पावसाळ्यातला बर्फ

लादीवर मधल्या बोटाच्या पेराने टकटक करायची, मान कलती करून कान बर्फाजवळ न्यायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा : “कच्चा हाय अजून.” काकांच्या बर्फाच्या कारखान्यात लादी तयार झाली की नाही हे ठरवण्याची हीच एकमेव अधिकृत पद्धत होती. मी एकदा थर्मामीटर आणि टोचा घेऊन त्यांचे निकाल तपासून पाहिले. बरेचसे चुकीचे निघाले. तसे सांगितल्यावर त्यांनी माझ्या थर्मामीटरवर टकटक केली, कान लावला आणि गंभीरपणे म्हणाले, “हा पण कच्चा हाय.”

अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आपल्या धंद्याची एखादी लकब घेऊन ती सगळ्या जगात वावरतात. काका कलिंगडावर टकटक करत, हे समजण्यासारखे होते. पण बँकेच्या काउंटरवर, जावयाच्या नव्या मोटारीच्या बॉनेटवर आणि आमच्या कंपनीत आले की माझ्या संगणकाच्या पडद्यावरही ते टकटक करत. मोटार पक्की निघाली होती. संगणकाबद्दल त्यांचे मत शेवटपर्यंत बरे झाले नाही.

दोन हजारनंतरची ती वर्षे. रत्नागिरीतून मासे गोठवून परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता विभाग सांभाळत होते. वडील खेडच्या एस.टी. आगारात कारकून, मी घरातली पहिली एम.एस्सी. या नोकरीत मला फार काळ राहायचे नव्हते, आणि हे मी कोणापासून लपवलेही नव्हते. आमच्या कंपनीला लागणारा बर्फ ज्यांच्याकडून येई ते हे गृहस्थ. साठी ओलांडलेली, बुटकी, गोरी मूर्ती. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा. आणि सारे आयुष्य बर्फाशेजारी गेल्यामुळे की काय, हातांची बोटे कायम गुलाबी. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणे. मला ते ‘बाय’ म्हणत. कंपनीत सगळ्यांकडून ‘मॅडम’ ऐकण्याची सवय झालेल्या मला ते सुरुवातीला खटकत असे.

त्यांचा एक मोठा अभिमान होता. त्यांचा बर्फ काचेसारखा असे. डब्यातले पाणी गोठत असताना ते त्यात नळीने हवा सोडत, त्यामुळे लादीच्या पोटात पांढरट धूसरपणा उरत नसे. त्या धूसरपणाला ते ‘ढग’ म्हणत. लादीमागे वर्तमानपत्र धरायचे आणि समोरून बातमी वाचून दाखवायची, हा त्यांचा येणाऱ्या-जाणाऱ्यासमोरचा ठरलेला प्रयोग होता. “माझ्या बर्फात ढग नाय. आमच्या शेजाऱ्यांच्या लादीत बघ, सगळा आषाढ भरलाय.” माशाला या पारदर्शकतेचा काडीचाही उपयोग नव्हता. लादी शेवटी क्रशरमध्ये जाऊन तिचा चुराच व्हायचा. हेही मी त्यांना सांगितले होते. “म्हणून काय झालं?” ते म्हणाले, “चुरा पण स्वच्छ नको?”

मग युरोपातल्या आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचे पत्र आले. आम्ही त्यांना गोठवलेले म्हाकूल, म्हणजे स्क्विड, पाठवत असू. आता त्यांना म्हाकुलाबरोबर त्याचा कार्बनही कळायला हवा होता. म्हणजे तो माल तयार होताना हवेत किती धूर गेला, त्याचा हिशेब. केवळ आमच्या कारखान्याचा नव्हे. आम्हाला जे जे पुरवतात त्यांचाही. ट्रॉलरचे डिझेल, पुठ्ठ्याची खोकी, मीठ आणि बर्फ. रत्नागिरीत तोवर असे काम कोणी केलेले माझ्या ऐकिवात नव्हते. ते माझ्याकडे आले तेव्हा मला जो आनंद झाला तो मी आज नाकारणार नाही. मला दिसला तो एक अहवाल, त्याखालची माझी सही आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी मुंबई किंवा त्याहून दूरचे एखादे कार्यालय.

प्रश्नावली घेऊन मी काकांकडे गेले. त्यांनी चहा मागवला आणि प्रश्न ऐकून घेतले.

“धूर?” ते म्हणाले. “गो बाय, माझ्याकडे धुरांडं हाय काय? इथं चूलसुद्धा नाय. हा चहा पण बाहेरून आलाय.”

“तुमचा धूर इथे दिसत नाही, काका. तुमची वीज जिथे कोळसा जाळून तयार होते तिथे तो निघतो.”

“मग त्या गावाला विचार ना.”

“त्या गावाने तो तुमच्यासाठी काढला.”

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “म्हणजे आम्ही इथं गार पडावं म्हणून तिकडं कोणतरी तापतंय,” ते म्हणाले. इतक्या कमी शब्दांत ही गोष्ट मला सांगता आली नसती. पण पुढच्याच वाक्यात त्यांनी त्या कोळशाच्या गावाला एक लादी भेट पाठवण्याची तयारी दाखवली, आणि मागे उभे असलेले त्यांचे कामगार हसले, तेव्हा मी प्रश्नावलीकडे वळले.

त्या दिवसापासून धूर हा त्यांचा आवडता विषय झाला. भारनियमनाच्या वेळी कारखान्याचा डिझेल जनरेटर धडधडू लागला की ते फाटकात येऊन उभे राहत आणि मी रस्त्याने जाताना दिसले तर हात जोडत. “आरोपी हजर हाय, मॅडम.” एका लग्नात होमाजवळ ते माझ्या कानाशी आले. “हा धूर कोणाच्या नावावर? मुलाकडच्यांच्या की मुलीकडच्यांच्या?” मी हसले. थट्टेतल्या थट्टेत ते खरेच अस्वस्थ होत चालले होते, हे मला तेव्हा दिसायला हवे होते, असे आता वाटते. ज्या माणसाला आपण कुणाला काही देत आहोत असेच आयुष्यभर वाटत आले होते, त्याला मी सांगितले होते की तो काहीतरी सोडतोही आहे, आणि ते दुसऱ्याच्या अंगावर पडते.

पहिल्या अहवालात मी बर्फासाठी पुस्तकातला सरासरी आकडा घेतला. एक टन बर्फाला साधारण अमुक वीज, म्हणून अमुक कार्बन. गिऱ्हाइकाचे उत्तर आले की सरासरी नको, पुरवठादाराच्या प्रत्यक्ष वापराचा आकडा हवा. हे योग्यच होते. त्यांच्या जागी मीही तेच म्हटले असते. मी काकांकडून वर्षभराच्या विजेचे आणि डिझेलचे आकडे घेतले, विकलेल्या बर्फाचे वजन घेतले आणि भागाकार केला. उत्तर पुस्तकातल्या आकड्याच्या कितीतरी वर गेले. मी पुन्हा भागाकार केला. पुन्हा तेच.

कारण मला आकड्यांत सापडले नाही, भिंतीत सापडले. पावसाळ्यात समुद्रावर मासेमारीची बंदी असते. ट्रॉलर किनाऱ्यावर ओढलेले, जेटी ओस. बर्फ कोण घेणार? मिरकरवाडा बंदराकडचे सगळे बर्फ कारखाने तेव्हा बंद असतात. ऐन जुलैत मी काकांच्या कारखान्यावरून जात होते. पाऊस थांबला होता. वळचणीखालची भिंत, जिथे पावसाचा थेंबही पोचत नाही, ती ओलीचिंब होती. आत गारवा असल्याशिवाय बाहेरून भिंतीला असा घाम सुटत नाही. मी कान दिला. आत कॉम्प्रेसर चालू होता.

“काका, हे कशासाठी? आता तर गिऱ्हाईक नाही.”

“हाय ना,” ते म्हणाले. “सांगून येत नाय, एवढंच.”

त्यांनी मला आत नेले. डबे ज्यात बुडवून गोठवतात त्या मिठाच्या पाण्याच्या टाकीवरची लाकडी झाकणे काढली. बहुतेक डबे रिकामे होते; एका कोपऱ्यातल्या रांगेत मात्र लाद्या होत्या. त्यांनी सवयीने एकीवर टकटक केली, पण निकाल दिला नाही.

आपल्याकडे घरोघरची माणसे मुंबईत. म्हातारे आईवडील इकडे. कोणी गेले की मुलगा येईपर्यंत थांबायचे असते. आणि पावसाळ्यात रेल्वेवर दरड कोसळते, घाट बंद होतो, मुलगा कुठेतरी अडकून पडतो. सिव्हिलमध्ये शवागार आहे. पण आपले माणूस आपल्या ओटीवर असावे असे लोकांना वाटते. अशा वेळी लोक काकांकडे येत. याची एक रीत ठरून गेली होती. येणारा हाक मारत नसे. फाटकात नुसता उभा राही. काका त्याच्याकडे पाहत आणि उठत. कामगाराला न सांगता स्वतः लोखंडी आकडा घेऊन लादी ओढत, गोणपाटात गुंडाळत, रिक्षात नीट बसवत. कोण गेले हे ते विचारत नसत आणि तोही सांगत नसे. किंमत नाही, आभार नाहीत, निघताना ‘येतो’ नाही, आणि काकाही ‘या’ म्हणत नसत. गोणपाट परत आणायचा नाही. हिंदूंच्या वाडीतूनही लोक येत, मोहल्ल्यातूनही येत. मुलगा आखातातून निघालेला असला की तिथेही वाट पाहावी लागे. रीत सगळ्यांना एकच.

“पण त्यासाठी तीन महिने मशीन?”

ते झाकणावर बसले. एरवी बोलताना हातवारे करणारा हा माणूस तेव्हा दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसला होता.

“वडील गेल्यावर कारखाना माझ्याकडे आला,” ते म्हणाले. “पहिल्याच पावसाळ्यात मी मशीन बंद केलं. शहाणपण केलं. वडील वेडे, उगाच चालू ठेवायचे, असं मी चारचौघांत बोललो पण. आणि जुलैत शेजारची म्हातारी गेली. तिच्या अंगणात मी वाढलो, गो. एकच मुलगा, मुंबईला गिरणीत. तार गेली, तो निघाला, आणि घाट बंद. आम्ही थांबलो, थांबलो. मग थांबण्यासारखं रायलं नाय. उरकून घेतलं. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला.”

“काय म्हणाला?”

“काय नाय म्हणाला. घरात गेलाच नाय. इथं आला, ह्या भिंतीला हात लावून बघितला. सुकी होती. मग गेला. परत कंदी रत्नागिरीत आला नाय.” ते उठले. झाकणे एकेक करून जागेवर ठेवू लागले. “माझी एक लादी असती तर त्याने आईचं तोंड बघितलं असतं. मशीन तेव्हापासून चालूच हाय.”

परतताना मला त्यांच्याविषयी जे वाटले ते खरे होते. पण संगणकासमोर बसल्यावर मला जे दिसले तेही खरे होते. तीन महिने कॉम्प्रेसर, भारनियमनात जनरेटर, तेही बहुतेक रिकाम्या टाकीसाठी. तो सारा धूर विकलेल्या बर्फावर पडत होता, आणि त्या बर्फावरून आमच्या म्हाकुलावर.

यातून सुटका करणारा एक मार्ग होता. एका कारखान्यातून दोन प्रकारचा माल बाहेर पडत असेल तर धूर दोघांत वाटता येतो. फक्त दुसरा माल किती बाहेर पडला याची नोंद हवी. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेले.

“काका, त्या बर्फाचं फक्त वजन लिहून ठेवा. नाव नको, गाव नको.”

“लादी काट्यावर ठेवायची?”

“हो.”

“माणूस दारात उभा, आणि मी काटा बघत बसू?”

“मग अंदाजे लिहा.”

“अंदाजे मेलाय काय तो?”

मी उठायला लागले. त्यांनाही आपला आवाज चढल्याचे वाईट वाटले असावे, कारण त्यांनी लगेच चहा मागवला. “रागावू नको, बाय. जे विचारायचं नाय ते लिहायचं कसं? तुझं गणित चुकतंय असं मी म्हणत नाय. तो धूर माझा हाय. माझ्या अंगावर पडू दे.”

“तो तुमच्या अंगावर पडत नाही, काका. तो म्हाकुलावर पडतो आणि म्हाकूल गिऱ्हाइकाचं आहे.”

“मेलं ते म्हाकूल,” ते म्हणाले. “त्याला कोण मुंबईहून येणार नाय.”

कामगार हसले. मी हसले नाही. मला वाटत होते की हा माणूस केवळ हट्टापायी स्वतःचे नुकसान करून घेतो आहे.

मी आकडा होता तसा पाठवला. हे मी कबुली म्हणून लिहीत नाही, कारण त्यात चूक नव्हती. नोंद नसलेला बर्फ मी कोणत्या आधारावर वगळणार होते? अंदाज चालतो, पण अंदाजाला पाया लागतो. आजही मला तेच काम दिले तर मी तोच आकडा लिहीन. चूक असती तर मला बरे वाटले असते. चूक दुरुस्त करता येते.

गिऱ्हाइकाचे उत्तर सभ्य भाषेत होते. अहवालाची फार स्तुती होती. शेवटी एक ओळ होती : बर्फाचा पुरवठादार सर्वांत जड ठरतो आहे, पुढच्या हंगामापूर्वी त्याने सुधारणा करावी, अन्यथा कंपनीने पर्यायी व्यवस्था पाहावी. आमच्या साहेबांनी ती ओळ वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे, मॅडम. पावसाळ्यात मशीन बंद ठेवतो म्हणाले तर आपण त्यांचाच बर्फ घेऊ. नाहीतर स्वतःचं यंत्र बसवू. तुमचं ते ऐकतात. तुम्हीच सांगा.”

आमची बर्फाची मागणी गेली असती तर काकांचा कारखाना उभा राहिला नसता. ट्रॉलरवाल्यांच्या किरकोळ खपावर तो चालण्यासारखा नव्हता. त्यांच्याकडचे कामगार लांजा, संगमेश्वरकडच्या गावांतले, वर्षानुवर्षे तिथेच राबलेले. हे सगळे मी जाताना वाटेत जुळवून ठेवले होते, मुद्देसूद. त्यांनी मला मुद्द्यांपर्यंत पोचूच दिले नाही.

“किती उतरेल गो धूर, तीन महिने बंद ठेवलं तर?”

मी आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा वदवून घेतला. मग समोरच्या टेबलावर सवयीने टकटक केली.

“पक्का हाय?”

“पक्का आहे.”

“मग बंद करू,” ते म्हणाले. टाकीच्या बाजूला त्यांचे कामगार लाद्या उचलत होते. तिकडे बघत ते हलक्या आवाजात म्हणाले, “जिते पण माझेच हायत ना.”

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी कॉम्प्रेसर खोलून दुरुस्तीला काढला. मला वाटते, मोह होऊ नये म्हणूनच काढला. सुटे भाग फरशीवर पसरलेले असले की कळ दाबता येत नाही. मी पाहायला गेले तेव्हा टाकीतले पाणी कोमट होते आणि झाकणावर त्यांच्या घरचे वाळवण घातलेले होते. “बघ, कारखान्याचा उपयोग. सांडगे चांगले वाळतायत,” ते म्हणाले. त्या थट्टेला कोणीच हसले नाही, तेही नाही.

थोड्या दिवसांनी त्यांनी मला रस्त्यात थांबवले. छत्री माझ्या डोक्यावर धरली, स्वतः भिजत राहिले.

“काल एकजण आला होता,” ते म्हणाले. “फाटकात उभा रायला.”

मी छत्री त्यांच्याकडे झुकवली, त्यांनी ती परत माझ्यावर धरली.

“मला नाय म्हणता येईना. कंदी म्हणलंच नाय ना, म्हणून शब्दच येईना. मग मी आत गेलो. रिकाम्या डब्यांवर टकटक केली. त्याला ऐकू जाईल अशी. बाहेर येऊन हात जोडले. समजला तो. निघताना ‘येतो काका’ म्हणाला.” त्यांनी छत्री माझ्या हातात दिली. “येतो म्हणत नायत गो. त्याला पण रीत सुचली नाय.”

“काका, मी —”

“तुझं काय चुकलं नाय. गणित बरोबरच हाय. मी बघितलं ना करून, मनातल्या मनात. धूर कमी झालाच.” आणि ते पावसातून तसेच निघून गेले. छत्री माझ्याकडे राहिली.

त्याच आठवड्यात मला मुंबईहून नेमणुकीचे पत्र आले. मुलाखतीत तिथल्या लोकांनी माझ्या बर्फाच्या आकड्याचे विशेष कौतुक केले होते. इतक्या लहान गावात पुरवठादाराची इतकी खोलवर तपासणी त्यांना अपेक्षित नव्हती. खेडला वडिलांनी आगारात पेढे वाटले. मी काकांना पेढे द्यायला जायचे ठरवले आणि गेले नाही. रोज काही ना काही काम निघत होते. कामे मी शोधून काढत होते.

नारळी पौर्णिमा जवळ आली असताना, एका सकाळी, काका गेले. चहा पिता पिता. घरात त्यांची पत्नी आणि शेजारी. एकुलती मुलगी मुंबईला, तीच ती मोटारवाल्या जावयाची बायको. ती निघाली होती. आणि चिपळूणच्या अलीकडे कुठेतरी रेल्वेवर दरड आली होती. गाडी थांबून होती.

हे मला आमच्या फाटकावरच्या वॉचमनने सांगितले. त्याने आणखी काही सांगितले नाही. फक्त तो तिथून हलला नाही. दारात नुसता उभा राहिला, आणि मला ती रीत ओळखू आली.

गावात बर्फ नव्हता. कोणाकडे नसतोच त्या दिवसांत, आणि ज्यांच्याकडे असे त्यांच्याकडेही आता नव्हता. आमच्याकडे मासे गोठवायचा प्लेट फ्रीझर होता, हंगामापर्यंत बंद ठेवलेला. मी ऑपरेटरला तो सुरू करायला सांगितले. त्याने कारण विचारले नाही. म्हाकूल ज्या पत्र्याच्या ट्रेंमध्ये गोठवतात ते आम्ही धुतले, घासले, पुन्हा धुतले आणि त्यांत पाणी भरले. दुपारपर्यंत मी तिथेच खुर्ची घेऊन बसले. यंत्राची घरघर ऐकताना मला सारखे वाटत होते की आता कोणीतरी येईल आणि हे कशासाठी म्हणून विचारेल. साहेब एकदा येऊन गेले. पाहिले, आणि गेले.

ट्रे निघाले तेव्हा मी पाहिले. बर्फ पांढरा होता. आतपर्यंत ढग भरलेला. हवेची नळी नव्हती, वेळ नव्हता; असाच होणार होता. काकांनी ही लादी दारातूनच परत पाठवली असती. मी एका ट्रेवर बोटाच्या पेराने टकटक केली. बद्द आवाज आला. त्याचा अर्थ काय ते मला शेवटपर्यंत समजले नव्हते. ते असते तरी बहुधा त्यांनी चुकीचाच सांगितला असता.

ऑपरेटर, वॉचमन आणि मी, तिघांनी तो बर्फ ट्रेसकट गोणपाटात गुंडाळून रिक्षातून काकांच्या घरी नेला. ओटीवर त्यांना निजवले होते. गुलाबी बोटे आता गुलाबी नव्हती. त्यांचे कामगार पुढे आले, त्यांनी बर्फ उतरवून घेतला. पहिला ट्रे पालथा करताना त्यांतला एकजण क्षणभर थांबला. त्याने त्या पांढऱ्या लादीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि कामाला लागला. काकांच्या पत्नीने मान वर केली. त्यांनी मला ‘ये’ म्हटले नाही. मी ‘येते’ म्हटले नाही. ट्रे आम्ही तिथेच ठेवले.

मुलगी दुसऱ्या दिवशी पोचली. तिने वडिलांचे तोंड बघितले, असे कळले. ढगाळ बर्फावर.

माझ्या जागी येणारी मुलगी कोल्हापूरची होती, हुशार आणि नेमकी. तिच्यात मला दोन वर्षांपूर्वीची मी दिसत असे. शेवटच्या दिवशी मी तिला कार्बनचा तक्ता समजावून देत होते. ती एका ओळीवर थांबली.

“मॅडम, बंदीच्या काळात प्लेट फ्रीझरला एवढी वीज? कोणत्या मालासाठी?”

“त्याची नोंद नाही.”

“मग अंदाजे लिहू का काहीतरी?”

“नको,” मी म्हणाले. “अंदाजे नको. आपल्या म्हाकुलावरच पडू दे.”

तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिले आणि पेन्सिलीने तिथे एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले. तेही योग्यच होते.

संध्याकाळी मी काकांची छत्री परत द्यायला निघाले. घराजवळून मी मागे फिरले आणि ती कारखान्याच्या फाटकाला अडकवून ठेवली. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता, झाडे, पत्रे, सगळे निथळत होते. मी वळचणीखाली गेले आणि भिंतीला हात लावून बघितला. सुकी होती.